जुन्या इन्क्वेस्टमधली डॉक्टरची साक्ष वाचताना या चुका टाळा

कॉरोनरचे, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी (इन्क्वेस्ट) करणाऱ्या अधिकाऱ्याचे, जुने कागद वाचणारे हल्ली वाढलेत, बरं वाटतं, पण तीच एक चूक इतक्यांदा पाहिलीय की आता लिहूनच टाकतो. डॉक्टर बोलला म्हणजे ते सिद्ध झालं, असं धरू नका. साक्षीत डॉक्टर एका दमात तीन गोष्टी सांगतो: पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं.

चार्ल्स ब्राव्होची केस घ्या. १८७६, लंडनजवळचं बालहॅम, तिशीचा बॅरिस्टर, १८ एप्रिलच्या रात्री जेवून खोलीत गेला आणि थोड्या वेळात गरम पाणी आणा म्हणून ओरडायला लागला, २१ ला वारला. सर विल्यम गल त्या काळचा नावाजलेला डॉक्टर, त्याचं मत पडलं आत्महत्या. मी माझ्या पहिल्याच व्याख्यानात ठोकून दिलं, 'गलच्या तपासणीनुसार आत्महत्या'. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त वकीलकाका जवळ आले, म्हणाले, "यात तपासणी कुठंय रे? तुला विषबाधा झालीय असं सांगूनही पेशंट दचकला नाही, म्हणून काढलेला अंदाज आहे तो." घरी येऊन कागद पुन्हा काढले, तर तसंच. आणि सगळं ऐकून ज्यूरीने निकाल दिला खुनाचा, फक्त कोणी केला हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही म्हणाले.

तेव्हापासून मी वहीत तीन रकाने आखतो. ब्राव्होच्या बायकोची सोबतीण मिसेस कॉक्स म्हणाली की 'मी विष घेतलंय' असं ब्राव्होने तिला सांगितलं, हे डॉक्टरच्या तोंडून आलं तरी रकाना 'ऐकलेलं'च. ब्राव्हो स्वतः शेवटपर्यंत म्हणत राहिला की दातदुखीसाठी हिरड्यांना लॉडेनम (अफूचा अर्क) लावलं, बाकी काही नाही. हे रकाने आखायला वेळ जातो म्हणून लोक टाळतात आणि थेट निकालावर उडी मारतात, मला ते अजिबात पटत नाही.

दुसरी चूक, 'सापडलं नाही' याचा अर्थ 'नव्हतं' असा घेणं. ब्राव्होला तपासणाऱ्या डॉ. जॉन्सनला संशय आर्सेनिकचा, उलटी तपासली, आर्सेनिक नाही. पण ब्राव्होने खिडकीतून खाली उलटी केली होती, ती खालच्या छपराच्या शिशाच्या पत्र्यावर पडून होती, ती गोळा करून रसायनतज्ज्ञ प्रोफेसर रेडवुडकडे गेली तेव्हा अँटिमनी हे दुसरंच विष निघालं! आधी विचारा, कशासाठी तपासलं आणि कुठला नमुना.

बाकीचं पटकन. 'अपोप्लेक्सी' दिसलं की लगेच मेंदूतला रक्तस्राव लिहू नका, अचानक कोसळलेल्या कुणालाही तेव्हा तो शब्द लावायचे. 'व्हिजिटेशन ऑफ गॉड' (देवाच्या इच्छेने आलेलं मरण) हा निकालाचा शब्द आहे, रोग नाही. मुंबईचे कागद वाचताना १८७१ चा कॉरोनर कायदा शेजारी ठेवा. आणि चौकशी एकदाच झाली असं गृहीत धरू नका, ब्राव्होची दोनदा झाली, पहिल्या वेळी नुसताच मोघम निकाल, गाजली ती दुसरी, त्यामुळे साक्ष कुठल्या चौकशीतली ते तारखेसकट लिहा.