द्विमितीय नॅनोपदार्थांनी सांडपाणी शुद्ध करताय? या चुका टाळा

ग्राफीन ऑक्साइडसारखे (ऑक्सिजन जोडलेले कार्बनचे पापुद्रे) काही अणूंच्या जाडीचे, म्हणजे द्विमितीय, पदार्थ घालून बीकरमधलं निळं पाणी नितळ झालं की लगेच टक्केवारी लिहायचा मोह होतो. मेथिलीन ब्लू हा निळा रंग नेमका गेला कुठे, हे आधी शोधा. निम्मा गोंधळ या प्रश्नाला बगल दिल्यामुळेच होतो.

उदाहरणार्थ शिसं. पीएच वाढवला की अधिशोषण (पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटणं) वाढलं असं वाटतं, पण अल्कधर्मी पाण्यात शिशाचा हायड्रॉक्साइड आपोआपच खाली बसतो. श्रेय मात्र ग्राफीन ऑक्साइडला मिळतं! म्हणून पदार्थ न घालता, त्याच पीएचला, तेवढाच वेळ ब्लँक चालवा आणि तोही त्याच सिरिंज फिल्टरमधून गाळा. काही फिल्टर रंग स्वतःच पकडून ठेवतात, तेही यात उघडं पडतं.

विद्युतभारही बघा. ग्राफीन ऑक्साइडचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. मेथिलीन ब्लू धनभारित, म्हणून चटकन चिकटतो. सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात क्रोमेटसारख्या ऋण आयनांच्या रूपात असतं, त्यामुळे उदासीन पाण्यात ते फारसं हाती लागत नाही. यात पदार्थ खराब नाही, जोडी चुकली आहे.

क्षमता अचानक घसरली? वाळवण तपासा. एकाच थराच्या ग्राफीनचं सैद्धांतिक पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे 2630 चौरस मीटर, पण ओव्हनमध्ये वाळवलं की थर ओल्या कागदांसारखे एकमेकांना चिकटतात आणि तो आकडा कागदावरच राहतो. शक्यतो वाळवूच नका. पाण्यात विखुरलेलंच वापरा, थोडासा नमुना वाळवून घनपदार्थाचं प्रमाण काढा. पावडर हवीच असेल तर फ्रीझ ड्रायर.

एमएक्सीनची (धातूंच्या कार्बाइड किंवा नायट्राइडचे पातळ थर) तऱ्हा उलटी. त्यातलं टायटॅनियम कार्बाइड पाण्यात ठेवून दिलं की हळूहळू टायटॅनियम डायऑक्साइड बनतं आणि काळं द्रावण पांढुरकं पडतं. ऑक्सिजन काढून, थंड जागी ठेवा. जुनी बाटली वापरू नका.

प्रकाश उत्प्रेरणात (प्रकाशाच्या मदतीने प्रदूषक तोडताना) दिवा लावण्याआधी अंधारात ढवळून अधिशोषणाचा समतोल येऊ द्या, नाहीतर चिकटलेला रंगही ‘विघटन’ म्हणून मोजला जाईल. रंग उडाला तरी रेणूचे तुकडे पाण्यात उरू शकतात. एकूण सेंद्रिय कार्बन मोजा.

खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियममुळे ग्राफीन ऑक्साइडच्या गुठळ्या होतात, हेही गृहीत धरा. ते हमर्स पद्धतीने (पोटॅशियम परमँगनेट वापरून ग्राफाइटपासून) बनवलेलं असेल तर नीट धुतलंय ना, ते बघा. प्रक्रियेनंतरच्या पाण्यात मँगनीज तपासलंत, तर कधीकधी आपणच टाकलेलं प्रदूषक सापडतं.