बेसबॉलची जुनी छायाचित्रे कशी जमवावीत: आधी पाठ वाचावी

विसाव्या शतकाच्या आरंभीचे बेसबॉलचे छायाचित्र हाती आले की नजर साहजिकच खेळाडूच्या चेहऱ्याकडे जाते. संग्राहकाने मात्र ते आधी उलटे करून पाहावे. माझ्याकडचे पहिले छायाचित्र गोव्यात, फोंड्यातल्या शेजारच्या तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) मित्राने बोटीवरून सुटीला येताना बाल्टिमोरहून आणले होते. समोरच्या पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, नाव मला ठाऊक नव्हते. पण पाठीवर वृत्तसंस्थेचा जांभळा शिक्का, त्याखाली शिसपेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि डिंकाने चिकटवलेले, पिवळे पडलेले कात्रण होते. तो कागद कुठून कुठे फिरला हे त्या पाठीनेच मला सांगितले, आणि या छंदातले पहिले शिक्षण तिथेच झाले.

आपण विकत घेतो ते छापलेला कागद. खेळाडूचा चेहरा त्यावर आहे एवढेच. एकाच निगेटिव्हवरून १९१२ मध्येही प्रिंट निघू शकते आणि १९८० मध्येही, आणि दोहोंच्या मोलात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून संग्राहकांत चार प्रकारांची वर्गवारी रूढ झाली आहे. मूळ निगेटिव्हवरून, छायाचित्र टिपल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रिंट म्हणजे पहिला प्रकार. मूळ निगेटिव्हवरूनच पण त्यानंतर काढलेली म्हणजे दुसरा. निगेटिव्हच्या नकलेवरून किंवा तारेने पाठवलेल्या चित्रावरून त्याच काळात निघालेली प्रिंट तिसऱ्या प्रकारात मोडते आणि तशीच नंतर निघालेली चौथ्या प्रकारात. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची तारेने छायाचित्रे पाठवण्याची सेवा १ जानेवारी १९३५ रोजी सुरू झाली, हे लक्षात ठेवले तर त्या सेवेचा उल्लेख असलेला कागद कोणी १९२० चा म्हणून पुढे केल्यास तिथेच थांबता येते.

काही छायाचित्रकारांची ओळख आरंभीच करून घ्यावी. चार्ल्स कॉनलन हे न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात मुद्रितशोधक होते. १९०४ पासून १९४२ पर्यंत त्यांनी मोठ्या कॅमेऱ्याने बेसबॉलपटू टिपले. तिसऱ्या बेसवर (धाव घेताना गाठायच्या टप्प्यावर) धूळ उडवत घुसणाऱ्या टाय कॉब या खेळाडूचे त्यांनी काढलेले छायाचित्र या खेळाच्या इतिहासातले सर्वांत परिचित चित्र मानायला हरकत नाही. बॉस्टनचे कार्ल हॉर्नर स्टुडिओत अर्धाकृती छायाचित्रे काढीत. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या चित्रकार्डांवरची होनस वॅग्नर या खेळाडूची प्रसिद्ध प्रतिमा त्यांच्याच छायाचित्रावरून घेतलेली आहे. जॉर्ज ग्रँथम बेन यांच्या वृत्तसंस्थेच्या सुमारे ४०,००० काचेच्या निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि त्यांच्या संगणकीय प्रती कोणालाही मोफत पाहता येतात. हा नवख्यासाठी अमूल्य अभ्यास आहे: बेनच्या निगेटिव्हच्या कडेला हाताने लिहिलेली नावे प्रिंटवर पांढरी कशी उमटतात, हे तिथे शेकडो उदाहरणांतून डोळ्यांत बसते. त्याच प्रतींवरून आज कोणीही छान प्रिंट काढून जुनी म्हणून विकू शकतो, हेही ओघाने आलेच.

परीक्षेसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो अतिनील दिवा, एवढी साधने पुरतात. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातले चित्र आहे. खऱ्या छायाचित्रात करड्या छटा एकमेकींत सलग विरघळतात. अंधारात दिवा धरला असता कागद निळा-पांढरा लखलखला, तर त्यात १९५० च्या दशकापासून वापरात आलेली उजळवणारी रसायने आहेत असे समजावे. जुन्या प्रिंटच्या गडद भागांत, विशेषतः कडांना, तिरके धरल्यावर निळसर चंदेरी झाक दिसते. ती चांदीच्या विघटनाने येते. हे सारे शिकण्यासाठी पैसे खर्चण्याची गरज नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांत पोर्तुगीज काळातला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आजोबा-पणजोबांचा फोटो असतो. तो भिंतीवरून उतरवून त्याच दिव्याखाली आणि भिंगाखाली पाहावा. मी हे आधी केले असते, तर परदेशी विक्रेत्याकडून १९१३ चे म्हणून घेतलेले संघाचे छायाचित्र घरी आल्यावर दिव्याखाली ट्यूबलाइटसारखे उजळले नसते. विकत घेताना मी पाठीचे चित्र मागितलेच नव्हते.

चित्रातला मजकूरही साक्ष देतो. बेब रुथ हा खेळाडू न्यूयॉर्कच्या यँकीज संघाच्या गणवेशात असेल तर छायाचित्र १९२० च्या आधीचे नाही. गणवेशाच्या पाठीवर क्रमांक असलेला यँकीजचा खेळाडू दिसला तर ते १९२९ च्या आधीचे नाही, कारण त्या संघाने क्रमांक त्या वर्षी आणले.

खरेदी बहुधा अमेरिकेतल्या लिलावांतूनच होते. दोन्ही बाजूंची स्पष्ट चित्रे मागावीत, सीमाशुल्क आणि टपालखर्च आधीच किमतीत धरावा आणि दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये बांधून पाठवण्याची अट घालावी. माझे स्पष्ट मत असे, की कॉबच्या संशयास्पद प्रिंटमागे धावण्यापेक्षा कॉनलनचा शिक्का असलेली, विस्मृतीत गेलेल्या खेळाडूची अस्सल प्रिंट घ्यावी. वृत्तपत्रीय प्रिंटवर चित्र कुठे कापायचे ते दाखवणाऱ्या तेलकट रेषा आणि पांढऱ्या रंगाची डागडुजी असते. ती पुसण्याचा मोह टाळावा, कारण संपादकाच्या मेजावरून तो कागद गेला होता याची तीच खूण आहे. शक्यतो पार्सल चवथ (गणेशचतुर्थी) उलटून पावसाचा जोर ओसरल्यावर येईल असे पाहावे.

आता गोव्यातला खरा प्रश्न, पाऊस. छायाचित्रावरचा जिलेटिनचा थर हवेतले पाणी शोषून फुगतो व मऊ होतो, आणि मग त्यावर बुरशी धरते. तारवटी मित्राने आणलेले ते पहिले छायाचित्र मी कौतुकाने चौकटीत घालून चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगले होते. श्रावणात ते काचेला चिकटले आणि सोडवताना पिचरच्या खांद्याचा तुकडा काचेवरच राहिला. म्हणून चौकट करायचीच तर काच आणि प्रिंट यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कड घालून अंतर ठेवावे, आणि भिंत आतली निवडावी.

मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) तयारी चालते, तेव्हाच छायाचित्रांचीही करावी. प्रत्येक प्रिंट पॉलिएस्टरच्या पाकिटात, आधाराला आम्लरहित पुठ्ठा घालून ठेवावी. बाजारातले पीव्हीसीचे अल्बम कटाक्षाने टाळावेत, कारण ते आम्ल सोडतात. कोरड्या दिवशी ही पाकिटे हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवून आत छोटा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. तो वर चढू लागला की सिलिका जेल तापवून, पूर्ण निवल्यावर परत घालावे. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नयेत. कसर पाठीवरचा डिंक आणि कात्रण खाते, म्हणून डबा पुस्तकांच्या कपाटापासून दूर असावा. बुरशी दिसलीच तर ओले फडके लावू नये. ती प्रिंट वेगळी काढून कोरड्या जागी ठेवावी, आणि ठिपके पूर्ण सुकल्यावर नाकावर मुखपट्टी बांधून मऊ कुंचल्याने हलकेच झटकावे.

प्रत्येक प्रिंटची नोंद वहीत करावी: मापे, शिक्क्याचा शब्दशः मजकूर, कोणाकडून व कधी घेतली, दिव्याखाली कशी दिसली. पाठीचेही छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे शिक्का ताडून पाहण्यासाठी ऐन आषाढात डबा उघडावा लागत नाही.