‘न्यू म्युटंट्स’ कशी वाचावी: सुरुवात कुठून, काय गाळायचं, कुठे थांबायचं

एक्स-मेन, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधली ती महानायकांची टोळी, वाचायला घ्यायचं म्हटलं की कुठून, इथेच घोडं अडतं. १९६३ पासून अंक निघताहेत, बरीचशी पात्रं मरून परत आलेली आहेत, आणि वाचनक्रमाच्या लांबलचक याद्या पाहिल्या की असलेली हौसही विरते. माझं ऐकाल तर तो सगळा डोंगर तूर्त बाजूला ठेवा आणि ‘न्यू म्युटंट्स’ ही मालिका घ्या. १९८३ ते १९९१ या काळात तिचे १०० अंक निघाले आणि ती संपली. त्यातलेही सगळे वाचायची गरज नाही.

वाचायला बसण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: ही शाळेची गोष्ट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर भागात प्रोफेसर चार्ल्स झेविअरची निवासी शाळा आहे. जन्मजात काहीतरी अचाट शक्ती लाभलेली मुलं, म्हणजेच म्युटंट, तिथे ती शक्ती ताब्यात ठेवायला शिकतात. लढाया करायच्या त्या एक्स-मेननी. ही पोरं विद्यार्थी आहेत, त्यांना लढाईत उतरायची परवानगी नाही, आणि अर्थातच ती दर दोन अंकांनी हा नियम मोडतात. खलनायक कोण, जिंकलं कोण, एवढंच बघत गेलात तर ऐंशीच्या दशकातलं एक बरंसं कॉमिक तुमच्या हाती लागेल. कोण कुणावर रुसलंय, कुणाला आपल्याच शक्तीची लाज वाटतेय, वर्गात सगळ्यांत मागे आपणच आहोत असं कुणाला वाटतंय, इकडे नजर ठेवलीत तर मालिका सोडवणार नाही.

१. पहिला अंक नंतर, आधी ग्राफिक नॉव्हेल

बहुतेक जण अंक १ उघडतात आणि गोंधळतात, कारण मुलं तिथे आधीच शाळेत दाखल झालेली असतात. त्यांची ओळख होते ती १९८२ मध्ये निघालेल्या ‘मार्व्हल ग्राफिक नॉव्हेल’ मालिकेच्या चौथ्या पुस्तकात. लेखक क्रिस क्लेअरमॉन्ट, चित्रकार बॉब मॅक्लाउड. एका बैठकीत वाचून होतं.

एक्स-मेन अंतराळात बेपत्ता आहेत, ते मेलेच असं झेविअर धरून चाललाय, आणि पुन्हा कुणाच्या पोरांना या धंद्यात ओढायची त्याची इच्छा नाही. तरीही पाच जण येतात. केंटकीतल्या खाणकामगाराचा मुलगा सॅम गथ्री अग्निबाणासारखा उडतो, पण त्याला धड वळता येत नाही. ब्राझीलमधल्या श्रीमंत घरातला तापट रॉबर्टो द कोस्टा सूर्यप्रकाशातून ताकद घेतो. स्कॉटलंडची रेन सिंक्लेअर लांडग्याचं रूप घेते, आणि कडक धार्मिक वातावरणात वाढल्यामुळे त्या रूपाला पाप समजते. शायेन जमातीची डॅनी मूनस्टार समोरच्याच्या मनातली भीती डोळ्यांपुढे उभी करते. व्हिएतनामहून आलेली शान दुसऱ्याच्या शरीराचा ताबा घेऊ शकते. हिलाच कार्मा म्हणतात.

इथे एक काम करा. प्रत्येकाची शक्ती काय हे सोडून द्या, ते पुढे हजारदा सांगितलं जाणार आहे. प्रत्येकाला भीती कशाची वाटते ते लक्षात ठेवा. पुढची पन्नास प्रकरणं त्यावरच उभी आहेत.

२. अंक १ ते १२ भरभर

खरं सांगायचं तर हे अंक मधूनमधून कंटाळवाणे आहेत. पहिल्या तीन अंकांत मॅक्लाउडची चित्रं आहेत, चौथ्यापासून सॅल ब्युसेमा येतो. चित्रं स्वच्छ, समजायला सोपी, पण डोळा खिळून राहावा अशी नाहीत. तिसरा अंक संपला की ‘अनकॅनी एक्स-मेन’चा १६७ वा अंक मध्ये घाला. बेपत्ता एक्स-मेन तिथे परततात आणि तिसऱ्या अंकात अर्धवट राहिलेली गोष्ट पुरी होते. तो गाळलात तर चौथ्या अंकात काहीतरी निसटल्यासारखं वाटत राहील.

आठव्या अंकापासून मुलं ॲमेझॉनच्या जंगलात जातात आणि तिथे चक्क प्राचीन रोमन वस्ती सापडते. ही कल्पना मला आजही पटलेली नाही. पण अमारा नावाची नवी विद्यार्थिनी तिथूनच येते, म्हणून चाळा. चाळलंत तरी पुरे.

३. क्लेअरमॉन्टच्या शब्दांची सवय करून घ्या

आजची कॉमिक्स वाचणाऱ्याला सगळ्यांत जड जातं ते हे. पानापानावर मजकुराच्या चौकटी, त्यात विचारांचे ढग, त्यात लांबलचक संवाद. पात्र उडी मारतंय, आणि उडी का मारतंय, मारली नाही तर काय होईल, हे तेच पात्र हवेत असताना सांगतंय. यातला काही भाग सरळ ओलांडता येतो. त्या काळी अंक पेपरवाल्याच्या स्टँडवरही मिळायचे, आणि हाती पडलेला अंक कुणाचा तरी पहिलाच असू शकतो असं धरून प्रत्येक अंकात सगळ्यांच्या शक्ती नव्याने समजावल्या जायच्या. सॅम उडताना त्याला इजा होत नाही, हे तिसऱ्यांदा वाचलंत की पुढच्या वेळी ती चौकट सोडा.

विचारांचे ढग मात्र सोडू नका. मुलं एकमेकांना जे सांगत नाहीत ते सगळं तिथे असतं. डॅनी वरवर सगळ्यांशी उद्धट वागते आणि आत काय चाललंय, किंवा रेन हसते आणि मनात प्रार्थना म्हणते, हा फरक दाखवण्यात क्लेअरमॉन्टचा हातखंडा आहे.

इंग्रजीबद्दल एक सूचना. सॅमचं केंटकीचं आणि रेनचं स्कॉटिश बोलणं उच्चारांबरहुकूम लिहिलेलं आहे, त्यामुळे शब्द ओळखीचे वाटत नाहीत. अडलात तर ते वाक्य मोठ्याने म्हणा. कानाला लगेच कळतं.

४. चौदाव्या अंकाआधी ‘मॅजिक’

इलियाना रासपुतीन ही एक्स-मेनमधल्या कोलोससची धाकटी बहीण. ती सहा वर्षांची असताना लिंबो नावाच्या मायावी जगात ओढली जाते, आणि भावाच्या हाताला लागते तेव्हा तेरा वर्षांची झालेली असते. इथे जेमतेम क्षणभर गेलेला असतो, तिची तिकडे सात वर्षं गेलेली असतात. त्या सात वर्षांत काय झालं ते ‘मॅजिक’ या चार अंकांच्या छोट्या मालिकेत आहे. ती चौदाव्या अंकात शाळेत दाखल होते, त्यामुळे त्याआधी हे चार अंक वाचलेले हवेत. नाहीतर वर्गातली ही शांत, थोडी उर्मट मुलगी सगळ्यांपासून अंतर का राखते ते कळणार नाही. माझ्या मते संपूर्ण मालिकेतलं हे सर्वांत चांगलं लिहिलेलं पात्र आहे. बाकीच्या मुलांना आपल्या शक्तीची भीती वाटते, हिला आपल्या स्वभावाची.

सोळा आणि सतरा या अंकांत मॅसॅच्युसेट्समधली दुसरी शाळा येते. तिची मुख्याध्यापिका एमा फ्रॉस्ट, आणि तिचे विद्यार्थी म्हणजे हेलियन्स. ती मुलं दुष्ट नाहीत. वेगळ्या बाईंच्या हाताखाली वाढली, एवढंच. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

५. अठराव्या अंकाला वेग कमी करा

ऑगस्ट १९८४ चा अठरावा अंक. चित्रकार बदलतो, बिल सिंकेविच येतो, आणि सतराव्या अंकापर्यंत जे कॉमिक होतं ते राहतच नाही. शाईचे ओरखडे, वेड्यावाकड्या चौकटी, माणसांच्या तोंडावर भीतीने आलेला ताण, पानभर पसरलेलं काळं-पांढरं. तेव्हाच्या वाचकांत यावरून उघड दोन तट पडले होते. तुम्हालाही पहिल्यांदा विचित्र वाटेल, वाटू द्या.

१८ ते २० या तीन अंकांची कथा ‘डेमन बेअर सागा’ म्हणून ओळखली जाते. एका राक्षसी अस्वलाने आपल्या आईवडिलांना मारलं असं डॅनी मानते, आणि आता ते अस्वल तिच्या मागावर आहे. कुणालाही न सांगता ती बर्फात एकटीच त्याला गाठायला जाते. त्यानंतरचा बराचसा भाग इस्पितळात घडतो: आत डॉक्टर डॅनीला वाचवायला धडपडताहेत, बाहेर तिचे वर्गमित्र पहारा देताहेत.

वाचताना आधी पान नुसतं बघा, मजकूर नंतर वाचा. अस्वलाचा आकार चौकटीगणिक बदलतो. कधी तो डोंगराएवढा, कधी नुसती सावली. डॅनीला तो त्या क्षणी जेवढा वाटतो तेवढा तो काढलेला आहे. डॅनीच्या जमातीचं चित्रण मात्र डोळसपणे वाचा. मूळ अमेरिकन माणूस म्हटला की गूढ शक्ती आणि दृष्टान्त आलेच, हा त्या काळचा साचा इथेही आहे. २०२० चा चित्रपट याच कथेवर बेतलेला आहे. त्यात शाळा जवळजवळ नाहीच, इस्पितळच आहे, म्हणून तो पाहून मालिकेचा अंदाज बांधू नका.

६. एकविसापासून चौतिसापर्यंत निवडून

२१ वा वाचाच. शाळेत मुलींची रात्रभराची पार्टी चालू असते आणि आकाशातून वॉरलॉक पडतो: सतत आकार बदलणारा, बापाला घाबरून पळालेला एक परग्रहवासी पोरगा. कुठलीही भाषा समजण्याची शक्ती असलेला डग रॅमसी त्याच्याशी संवाद साधतो. डगच्या शक्तीचा लढाईत काही उपयोग नाही आणि ते त्यालाही ठाऊक आहे. त्या दोघांची मैत्री पुढच्या अंकांचा कणा आहे.

२६ ते २८ मध्ये झेविअरचा मुलगा डेव्हिड येतो, एका डोक्यात अनेक व्यक्ती घेऊन. सिंकेविचची इथली पानं डेमन बेअरच्या तोडीची आहेत. २२ ते २५ घाईत उरकले तरी चालतील. ३१ व्या अंकानंतर चित्रं पुन्हा सरळ वळणाची होतात, आणि हिरमोड होतोच.

७. मुख्याध्यापक बदलतो तिथून पुढे

चौतिसावा अंक झाला की थांबा आणि ‘अनकॅनी एक्स-मेन’चा २०० वा अंक वाचा. झेविअर जातो आणि शाळा मॅग्नेटोच्या हाती सोपवून जातो. होय, एक्स-मेनचा सर्वांत जुना शत्रू, तोच. मुलांचा त्याच्यावर विश्वास नाही आणि त्याला शिकवण्याचा अनुभव नाही. ३५ पासूनचे अंक म्हणजे नको असलेला शिक्षक आणि नको असलेला वर्ग यांची गाठ, आणि ती रंगते.

३६-३७ मध्ये ‘सीक्रेट वॉर्स २’ या मोठ्या कथेचा धागा घुसतो. ती कथा वाचायची गरज नाही. बियाँडर नावाचा सर्वशक्तिमान प्राणी मुलांना मारतो आणि परत जिवंत करतो, एवढं पुरे. ३८ ते ४० मात्र अजिबात गाळू नका. मरून आलेली मुलं आता नुसती बसून असतात. हसत नाहीत, भांडतही नाहीत. मॅग्नेटोला काय करावं सुचत नाही आणि मदतीला येते एमा फ्रॉस्ट, अर्थात स्वतःचा डाव मनात ठेवून.

आणि मग नोव्हेंबर १९८६ चा ४५ वा अंक. बाहेरच्या शाळेतला लॅरी हा मुलगा, आपण म्युटंट आहोत हे लपवून जगणारा. चेष्टा म्हणून सोबतचे त्याला धमकावतात. त्यांना काही ठाऊक नसतं, आणि तो आत्महत्या करतो. एकही खलनायक नसलेला हा अंक मालिकेतला सर्वोत्तम आहे. हा वेगळा, एकटा वाचला तरी समजतो. घरातल्या लहान वाचकाच्या हाती देण्याआधी तुम्ही स्वतः वाचा, आणि त्याचं वाचून झाल्यावर जवळपास राहा.

८. कुठे थांबायचं

क्लेअरमॉन्टचा शेवटचा अंक ५४ वा. पुढे लुईझ सायमन्सन लिहू लागते. सूर बराच बालिश होतो, पण ६० व्या अंकात एका विद्यार्थ्याचा जीव जातो आणि ७१ ते ७३ मध्ये इलियानाची गोष्ट पुरी होते. इलियानाने तुम्हाला धरून ठेवलं असेल तर ७३ पर्यंत जा, नाहीतर ५४ वर पुस्तक मिटा. ८६ पासून रॉब लायफेल्डची चित्रं सुरू होतात, ८७ मध्ये केबल हे पात्र येतं, ९८ मध्ये डेडपूल. हे अंक इतिहास म्हणून प्रसिद्ध आहेत. शाळा मात्र तिथे उरलेली नाही, मोठाल्या बंदुका आहेत. शंभराव्या अंकानंतर मालिकेची ‘एक्स-फोर्स’ झाली.

सुटे अंक गोळा करायच्या फंदात पडू नका. मार्व्हलच्या ‘एपिक कलेक्शन’ मालिकेतले ‘रिन्यूअल’ आणि ‘द डेमन बेअर सागा’ हे दोन जाड खंड सुरुवातीला पुरतात. मार्व्हल अनलिमिटेड या ॲपवर वर्गणी भरून वाचता येतं, पण सिंकेविचची पानं फोनच्या पडद्यावर वाचू नका, निदान टॅबलेट तरी घ्या. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय त्या अंकांपुरती बंद ठेवा, कारण त्यांची रचना अख्ख्या पानाची आहे.

याच जातीचं आणखी हवं असेल तर १९९४ ची ‘जनरेशन एक्स’ घ्या. एमा फ्रॉस्टचीच शाळा, आणि विद्यार्थ्यांत सॅमची बहीण पेज. २०१० ची ‘ॲव्हेंजर्स अकॅडमी’ ३९ अंकांत संपते आणि तिच्यासाठी आधीचं काहीही वाचलेलं लागत नाही. पुढे खलनायक होण्याची शक्यता असलेल्या मुलांनाच त्या शाळेत निवडून घेतलेलं असतं, आणि हे मुलांना पहिल्याच अंकात कळतं.