चिखलाचा खेळ घरच्या अंगणात कसा मांडावा

चिखल मळताना मुलाच्या तळहाताला नि बोटांना जी मेहनत पडते, तीच पुढे पेन्सिल धरताना कामी येते. उंच पेल्यातलं पाणी पसरट ताटलीत ओतल्यावर ते कमी झालं का, हा प्रश्नही ओतता ओतताच पडतो. दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हा खेळ असा मांडा.

आधी माती. नाशिकच्या आसपासची काळी माती ओली झाली की हाताला घट्ट चिकटते, वाळली की भेगाळते. म्हणून तीन वाट्या मातीत एक वाटी वाळू मिसळा. द्राक्षबागेतली माती मात्र आणू नका, तिथे फवारण्या झालेल्या असतात. कुत्री-मांजरं घाण करतात तिथलीही नको. माती दोन दिवस कडक उन्हात वाळवा, ढेकळं फोडा आणि जाड चाळणीने चाळून खडे, काचा काढून टाका.

सावलीत एक घमेलं, जुनी पळी, दोन वेगळ्या आकाराच्या वाट्या आणि तांब्याभर पाणी ठेवा. एवढं पुरे. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत खेळ उरका.

पाणी मुलालाच घालू द्या, पण छोट्या वाटीने. बहुतेक घरी इथेच बिघडतं: मोठी माणसं घाईने तांब्या उपडा करतात, सगळा राडा होतो आणि कोरडी, ओलसर, घट्ट, सैल या पायऱ्या मुलाला दिसतच नाहीत. जास्त पाणी त्याने स्वतः ओतलं तर ओरडू नका. बाजूला कोरडी माती ठेवा, उपाय तो शोधेल. तुम्ही फक्त शब्द पुरवा: चिकट, रवाळ, गुळगुळीत, ओघळ.

चार वर्षांपुढच्या मुलांना पोळ्याच्या सुमारास बैल करू द्या. पाय बारीक केले तर वाळताना तुटतात. पुढच्या बैलाच्या मातीत मूठभर बारीक भुसा घाला आणि सावलीत वाळवा. दोन्ही बैल शेजारी ठेवले की भेगांमधला फरक मुलं आपणहून दाखवतात.

काही मुलं चिखलाला हातच लावत नाहीत. जबरदस्ती नको; पळीने किंवा काडीने ढवळू द्या, बोट नंतर येतं.

मूल खेळतंय तोवर जवळच बसा. बादलीतलं थोडं पाणीही लहानग्याच्या जिवावर बेतू शकतं. हाताला जखम असेल तर खेळ पुढे ढकला. नखं आधीच कापून ठेवा, नंतर साबणाने हात नीट चोळून धुवा.

चिखलाचे हात-भांडी मोरीत धुऊ नका, काळी माती पाइपात बसून मोरी तुंबते. बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी त्याच दिवशी झाडांना घाला. साचलं तर डास होतात.