बोटांच्या खेळांची आदल्या रात्रीची तयारी

उद्या लहान मुलाला बोटांचे खेळ द्यायचे असतील, तर खरेदीची यादी करायला बसू नका. रिकामी टोपली घ्या आणि घरभर फिरा. कपड्यांचे जुने चिमटे, आट्यांच्या झाकणाच्या रिकाम्या बरण्या, बुटाची नाडी, स्पंज, बर्फाचा ट्रे, टाकून द्यायला काढलेला मोठ्या बटणांचा शर्ट, पुठ्ठ्याचे खोके, रद्दी, चिकटपट्टी, दोन सारख्या वाट्या आणि एक चमचा. एवढ्यावर पुष्कळ दिवस निघतात. महागड्या खेळण्यापेक्षा बरणीचं झाकण लहान मुलांना जास्त वेळ गुंतवतं, हे घरोघरचं आहे.

टोपली भरली की आधी मापं बघायची. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना जी चाचणी लावतात, तिच्यातली नळी जेमतेम ३.१७ सेंमी रुंद असते. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. घरी टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी वापरा. ती याहून रुंद असते, त्यामुळे परीक्षा जरा कडकच होते. जे तिच्यातून खाली पडेल ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या टोपलीतून बाहेर. सुक्या डाळी-कडधान्यं याच वेळी वगळा. नाकात किंवा कानात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि मग घरच्या घरी निघत नाही. फुगे आणि छोटी लोहचुंबकं कुठल्याच वयाच्या लहान मुलाला नकोत. रिमोटमधली बटणासारखी चपटी बॅटरी तर खोलीतूनच हलवा, कारण ती गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते.

आता वय. साधारण नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागते, त्याआधी मूल सगळ्या बोटांनी वस्तू ओढून घेतं. वर्षाच्या मुलासाठी आत टाकणं आणि बाहेर काढणं एवढंच मांडा: रुंद तोंडाचं भांडं, चार मोठी झाकणं, झालं. दोन वर्षांच्या मुलासाठी खोक्याच्या झाकणाला फट पाडून ठेवा, म्हणजे तीच झाकणं उभी धरून आत सोडायची. सोबत रद्दी फाडायला द्या आणि झाकणं फिरवायला बरण्या द्या. त्या काचेच्या नकोत. झाकणं आज तुम्हीच सैल करून ठेवा. ओवणं, कात्री, बटणं हे तिसऱ्या वर्षापासून पुढे. पेन्सिलची घाई कुणी करू नये. मनगटातली आठ हाडं जन्मतः कूर्चाच, म्हणजे मऊच, असतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास एक्स-रेमध्ये त्यातली तीन-चार दिसतात आणि शेवटचं हाड दिसायला नऊ ते बारा वर्षं जातात. वाट बघण्याला एक अपवाद मात्र लक्षात असू द्या. वर्षाच्या आतलं मूल सतत एकच हात वापरत असेल आणि दुसरा नुसता पडून राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्या वयात डावखुरं-उजवं ठरलेलं नसतं.

कपड्यांच्या चिमट्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण खेळ तिथेच जमतो किंवा फसतो. प्रत्येक चिमटा अंगठा आणि एकाच बोटाने, अगदी टोकाला धरून दाबून बघा. तुमच्याच बोटाचा शेंडा पांढरा पडत असेल तर मुलाला तो जमणार नाही. वापरून सैल झालेले चिमटे निवडा. मुलाने मूठ वळवून चिमटा दाबला, किंवा दाबताना मनगट आत दुमडलं, तरी समजा स्प्रिंग कडक आहे. चिमटे लावायला पुठ्ठ्याचा उघडा खोका घ्या. लहान मुलासाठी खोक्यात थोडं वजन टाका, म्हणजे तो पळणार नाही. चार वर्षांच्या मुलासाठी मुद्दाम रिकामा ठेवा. मग एका हाताला खोका धरावाच लागतो, आणि दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं हाच त्यातला अर्धा धडा आहे.

पाण्याच्या खेळाला परातीत बोटभर पाणी, खाली जाड टॉवेल, अंगात भिजले तरी चालतील असे कपडे. पहिल्यांदा स्पंज द्या: बुडवायचा, वाटीत पिळायचा. ड्रॉपर नंतर. दिसायला सोपा, पण तो दाबून पाण्यात बुडवायचा, सोडायचा, उचलायचा आणि परत दाबायचा. बहुतेक मुलं बुडवल्यावर दाबतात आणि बाहेर काढल्यावर सोडतात, म्हणून आत हवाच भरते आणि मूल वैतागतं. उद्या बोलत बसू नका, हाताने सावकाश एकदा करून दाखवा. थेंब सोडायला बर्फाचा ट्रे छान. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून दार वाजलं तर मुलाला उचलून घेऊनच उठा, आणि खेळ संपल्या क्षणी परात ओतून टाका.

ओवायला नाडीच्या टोकाला चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या टोकाला एक झाकण बांधा, नाहीतर पहिल्या मिनिटाला सगळं घरंगळून जाईल. नाडी आखूडच हवी, गळ्यात अडकण्याइतकी लांब नको. कात्री गोल टोकाची, मूल डावखुरं असेल तर डावखुऱ्यांची. जाडसर कागदाच्या दोन-दोन सेंमी रुंद पट्ट्या आजच कापून ठेवा. एका टिचक्यात तुकडा पडतो. पातळ कागद पात्यांत नुसता दुमडतो. शर्टाची बटणं आधी काढायला द्या, लावणं नंतरचं. मेणखडूंचे तुकडे तीन वर्षांवरच्या मुलालाच, पण त्याला जरूर द्या. तुकडा इतका बुटका असतो की मुठीत धरताच येत नाही, बोटांत घ्यावाच लागतो.

बसायची जागा आजच ठरवा. पाय लोंबकळले की हात डळमळतात, तेव्हा पायाखाली खोका सरकवा. टेबल कोपराच्या उंचीला. नाहीतर कागद भिंतीवर मुलाच्या डोळ्यासमोर चिकटवा, उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट आपोआप मागे वळतं. ताटात भरलेली वाटी डावीकडे, रिकामी उजवीकडे, मध्ये चमचा. एका वेळी एकच ताट बाहेर, बाकीची टोपली नजरेआड. आणि स्वतःला काहीतरी हातकाम घेऊन बसा, भाजी निवडा, घड्या घाला. रिकामे हात मुलाच्या कामात हमखास घुसतात.

पाच मिनिटांत मूल उठलं तर उठू द्या. सुट्या वस्तू मोजूनच ताटात मांडा आणि आकडा झाकणावर लिहून ठेवा. आवरताना बारापैकी अकराच भरली तर सोफ्याची उशी उचला, मुलाचे खिसे आणि मुठी बघा, आणि बारावी सापडेपर्यंत धाकट्या भावंडाला जमिनीवर सोडू नका.