पसरणीचा घाट उतरताना लिव्हर 'बी'वर घ्या
पाचगणीहून वाईला उतरताना हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) एसयूव्हीची बॅटरी घाट संपायच्या आतच भरू शकते. एरवी ब्रेक दाबला की मोटर वीज तयार करत गाडीचा वेग रोखून धरते. पण बॅटरी भरली की वीज ठेवायला जागा उरत नाही, आणि बराचसा भार ब्रेक पॅडवर येतो. म्हणून गाडीच्या गिअर लिव्हरला 'बी' (उतारावर इंजिनने वेग रोखायची जागा) असेल तर उतार लागतानाच त्यावर घ्या. मध्येच इंजिन घोंघावायला लागेल, मागून आजी विचारतील, ''काय झालं रे गाडीला?'' काही नाही झालेलं. इंजिन नुसतं फिरून गाडीला मागे ओढतंय. वाईत सपाटीला परत नेहमीचा 'डी', नाहीतर ॲव्हरेज उगीच घसरतं. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये कधीच उतरू नका. त्यात बॅटरी चार्जही होत नाही.