जॅमरला दाद न देणारी एल१ अँटेना: १२ सेंटिमीटरच्या प्लेटवर चार पॅच

जीपीएसचा एल१ सिग्नल म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी १९ सेंटिमीटर. जॅमर त्याच वारंवारतेवर गोंगाट सोडून तो दाबतो. दोन पॅचमध्ये (चपट्या चौकोनी अँटेना) तिच्या निम्मं, साडेनऊ सेंटिमीटर अंतर असावं असा नियम. ड्रोनवर तेवढी जागा नसते. म्हणून १२० मिमी चौरस तांब्याच्या प्लेटवर २५×२५×४ मिमीचे चार सिरॅमिक पॅच ६० मिमी अंतरावर चौकोनात बसवा, सगळ्यांच्या फीड पिना एकाच बाजूला. चौघांचे सिग्नल अशा वजनांनी जोडायचे की जॅमरच्या दिशेला ‘नल’, म्हणजे बहिरी जागा, पडावा. जवळीक वाढली की हा नल रुंद होतो आणि जॅमरच्या दिशेचे उपग्रहही हातचे जातात. जॅमर बहुतेकदा क्षितिजालगत असतो, म्हणून हे परवडतं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत नुसती ‘जीपीएस अँटेना’ मागू नका. एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) असलेली डबी मिळेल, आणि तिच्यातल्या पॅचचा एस११ (किती सिग्नल परत उसळतो याचं माप) बाहेरून मोजता येत नाही. पॅसिव्ह पॅच घ्या, एलएनए वेगळे जोडा. मोजायला १.५ गिगाहर्ट्झपर्यंतचा नॅनोव्हीएनए (हे माप घेणारं छोटं यंत्र) पुरत नाही, ३ वाला लागतो. सुटा पॅच मोजणं व्यर्थ: शेजारी आणि वरचं झाकण आलं की अनुनाद सरकतो, आणि बँडविड्थ मुळातच चिंचोळी. सगळं बसवूनच मोजा. पॅचवरच्या चांदीची कड घासली की वारंवारता वर जाते. खाली आणता येत नाही, तेव्हा बेतानं.

रिसीव्हर म्हणून क्रॅकेनएसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) शिकण्यापुरता ठीक. पाच चॅनेल एकाच क्लॉकवर, पण नमुने ८ बिटचे. जोरदार जॅमरनं एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) भरला की पुढचं गणित फोल.

गणित असं: चार चॅनेलचे १ मिलिसेकंदाचे नमुने, त्यांचं ४×४ सहप्रसरण मॅट्रिक्स (कोणते चॅनेल किती एकसारखे हलतात त्याचा तक्ता), कर्णावर किंचित भर, मग व्यस्त. व्यस्ताचा पहिला स्तंभ म्हणजे वेट्स, प्रत्येक चॅनेलला गुणायचे आकडे. पहिलं १ होईल असं भागा. लावताना संयुग्मी (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटलेले) घ्या, नाहीतर नल भलतीकडेच पडतो. उपग्रहाचा सिग्नल नॉइजखाली गाडलेला असल्यानं एकूण पॉवर घटवताना कापला जातो तो जॅमरच. चार पॅचना जास्तीत जास्त तीन नल.

चाचणी केबलनंच. जॅमिंग हवेत सोडणं बेकायदा आहे, गच्चीवरही. सिग्नल जनरेटर, सिग्नल कमी करणारा ३० डेसिबल अटेन्युएटर, चार वाटांचा स्प्लिटर, मग कमी-जास्त लांबीच्या आरजी-३१६ केबल. १ सेंटिमीटरच्या फरकाला सुमारे २७ अंश फेज. क्रॅकेनचा बायस-टी (अँटेनाच्या केबलमधून वीज देणारी सोय) आधी बंद करा.

नल उथळ आला तर केबलला दोष देऊ नका, स्थिर फेजफरक वेट्स गिळतात. सॉ फिल्टर (ठरावीक पट्टाच पुढे सोडणारे) बघा: दोन चॅनेलच्या विलंबात १० नॅनोसेकंदांचा फरक असेल तर १ मेगाहर्ट्झ बाजूला नल २४ डेसिबलवरच अडतो. चारही फिल्टर एकाच रीळातले घ्या. जनरेटर बंद असताना बाकीची तीन वेट्स शून्याजवळ यायला हवीत. येत नसतील तर तुमचाच एखादा बोर्ड गोंगाट करतोय.